क्रूझची बाल्कनी: छत असलेली घ्यावी की उघडी?

क्रूझच्या बुकिंगमध्ये केबिनच्या दरांच्या चार पायऱ्या दिसतात. इनसाइड म्हणजे बिनखिडकीची, ओशन व्ह्यू म्हणजे न उघडणाऱ्या खिडकीची, त्यावर बाल्कनी आणि सगळ्यात वर स्वीट, म्हणजे ऐसपैस मोठी खोली. मराठवाड्यातून जाणारी बहुतेक कुटुंबं इथं पैशांचा हिशोब घालतात, बाल्कनी ठरवतात आणि मोकळी होतात. त्या बाल्कनीच्या डोक्यावर छत आहे की नाही, हे कुणी विचारत नाही आणि बुकिंगचं पान आपणहून सांगत नाही. काही जहाजांवर पूर्ण छताची, अर्ध्या छताची आणि साफ उघडी अशा तिन्ही तऱ्हा असतात आणि त्यांच्या दरात फारसा फरकही नसतो. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडकडची बुकिंगं करताना आम्ही आता दराच्या आधी हा विषय काढतो.

जुन्या वाड्यात ओसरी वेगळी आणि माळवद वेगळं. उन्हाळ्याची दुपार ओसरीवर काढायची आणि रात्री अंथरूण माळवदावर टाकायचं. जहाजावर मात्र दोन्हीपैकी एकच मिळतं. म्हणून त्या खुर्चीत कोण बसणार आणि किती वाजता बसणार, हे आधी ठरवावं लागतं. "भाऊ, उघडी घेतली तर मोकळं वाटेल ना?" असं कुणी विचारलं की आमचा उलट प्रश्न ठरलेला असतो: दुपारी बसणार की रात्री?

छताचा फरक जहाजाच्या बांधणीतून येतो. अलीकडच्या बऱ्याच मोठ्या जहाजांची बाजू भिंतीसारखी सरळ असते. बाल्कन्या एकावर एक येतात आणि वरच्या बाल्कनीचा तळ हेच खालच्या बाल्कनीचं छत होतं. सिंगापूरहून सुटणारं, २०१६ साली बांधलेलं गेंटिंग ड्रीम हे आपल्या लोकांच्या ओळखीचं जहाज. त्याच्या निम्म्याहून कितीतरी जास्त केबिनना बाल्कनी आहे. मुंबईहून सुटणाऱ्या एम्प्रेसची गोष्ट उलटी. ते जहाज १९९० सालचं. तेव्हा बाल्कनीची चाल आलेली नव्हती, त्यामुळे तिथं बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत. मुंबई-गोवा करणाऱ्यांनी या विषयावर फार डोकं शिणवू नये.

खरा घोळ पायरीपायरीने बांधलेल्या जहाजांवर होतो. त्यातलं ठळक उदाहरण म्हणजे प्रिन्सेस कंपनीची ग्रँड वर्गातली जहाजं, जी अलास्काच्या सफरींवर बरीच दिसतात. त्यांच्यावर नवव्या डेकचं, म्हणजे मजल्याचं, नाव डॉल्फिन, दहाव्याचं कॅरिब, अकराव्याचं बाहा आणि बाराव्याचं अलोहा. जहाजाची बाजू खाली रुंद होत जाते, त्यामुळे खालच्या डेकची बाल्कनी वरच्या बाल्कनीच्या पुढे येते. बाहाच्या बाल्कनीवर पूर्ण छत असतं. कॅरिबची बाल्कनी खोल असते, तिचा दाराकडचा अर्धा भाग झाकलेला आणि कठड्याकडचा अर्धा उघडा असतो. डॉल्फिनवर मिनी-स्वीट आहेत, म्हणजे पैसे जास्त, पण बाल्कनी जवळपास सगळी उघडी. वरच्या तिन्ही डेकवरचे लोक कठड्याला टेकले की त्यांना तुमच्या ताटातला उपमासुद्धा दिसतो. जास्त पैसे भरले म्हणजे जास्त आडोसा मिळेल, हा हिशोब इथं उलटा पडतो. याच कंपनीच्या २०१३ पासूनच्या रॉयल वर्गात बाल्कन्या सरळ एकावर एक आहेत, तिथं हा प्रश्न उरत नाही. म्हणून कंपनीच्या नावावरून अंदाज बांधू नये, जहाजाचं नाव विचारावं.

नाव कळलं की आधी डेक प्लॅन उघडायचा. त्यात आपला डेक आणि त्याच्या लगेच वरचा डेक शेजारी शेजारी ठेवायचे. वरच्या डेकची बाहेरची रेघ आपल्या बाल्कनीच्या कडेच्या आत संपत असेल, तर तेवढा भाग उघडा. पण हे नकाशे काटेकोर मापाचे असतीलच असं नाही, म्हणून एवढ्यावर थांबू नये.

पक्की खात्री जहाजाच्या बाजूने काढलेल्या फोटोतून होते. दिवसाचा, उन्हातला फोटो घ्यायचा आणि मोबाइलवर मोठा करायचा. छताची बाल्कनी काळ्या चौकटीसारखी दिसते, कारण आत सावली पडलेली असते. उघडी बाल्कनी पायरीसारखी पुढे आलेली असते आणि दारापर्यंत उजळलेली दिसते. अर्ध्या छताच्या बाल्कनीत तर ऊन आणि सावलीची आडवी रेघ स्पष्ट दिसते. नारिंगी किंवा पिवळ्या लाइफबोटी धरून तिथून वर एकेक रांग मोजायची, म्हणजे आपला डेक सापडतो. मोजताना एक ध्यानात ठेवा: बऱ्याच जहाजांवर तेरावा डेक नसतो, बारानंतर थेट चौदा येतो. हे हिशोबात धरलं नाही तर रांग चुकते आणि भलत्याच बाल्कनीचा अभ्यास होतो.

याच फोटोत कठडाही बघून घ्यावा. काचेचा कठडा असेल तर खुर्चीत बसूनही पाणी दिसतं. काही केबिनना, विशेषतः खालच्या डेकवर आणि अगदी पुढच्या टोकाला, कठड्याच्या जागी पोलादी भिंत असते. तिथं बसलं की फक्त आकाश दिसतं, समुद्र बघायला उठावं लागतं. गुडघ्यांनी त्रासलेल्या माणसाला छतापेक्षा हा फरक जास्त जाणवतो. लाइफबोटींच्या लगेच वरच्या रांगेतून खाली पाहिलं तर बोटींच्या पाठीच दिसतात, तेही फोटोत कळून येतं.

आता ऊन. मराठवाड्यातली माणसं म्हणतात, बेचाळीस अंश आम्हाला काय नवं? पण आपल्याकडचं ऊन कोरडं. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे, दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो आणि हवेत दमटपणा भरपूर. वाऱ्यामुळे चटका कळत नाही, रात्री आंघोळीच्या वेळी खांदे झोंबायला लागले की कळतं. उघड्या बाल्कनीत सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत बसणं होत नाही. खुर्चीची दांडी आणि कठड्याची वरची पट्टी हाताला पोळते, अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणजे तीन रात्रींच्या सफरीत बाल्कनीसाठी मोजलेल्या पैशांतले दिवसाचे बरेचसे तास वाया जातात. आपल्याकडची गर्दी दोनच वेळा असते: सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आल्यावर दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर एप्रिल-मे मध्ये. दिवाळीला सिंगापुराकडे गडगडाटी सरी असतात. उन्हाळ्यात ऊन कडक असतंच, शिवाय सुमात्राच्या बाजूने येणारी वादळी सर पहाटे पहाटे गाठू शकते. दोन्ही हंगामांत छताची बाल्कनी बरी, यात आम्हाला शंका नाही.

मात्र छत म्हणजे कोरडं, असं समजू नका. जहाज अठरा-वीस नॉटने चालतं, म्हणजे ताशी ३३ ते ३७ किलोमीटर. समोरून वारा असेल तर तो त्यात मिळतो आणि पाऊस तिरपा आत येतो. छताच्या बाल्कनीतही कठड्याकडचा अर्धा भाग भिजतो. फरक एवढाच की दाराजवळची खुर्ची कोरडी राहते आणि दार किलकिलं करून उभं राहता येतं. उघड्या बाल्कनीत सर येऊन गेली की खुर्च्या पुसायला केबिनमधला टॉवेल लागतो. पाऊस नसतानाही पहाटे काच, कठडा आणि खुर्ची यांच्यावर खारट ओलसर थर बसलेला असतो, तो पुसल्याशिवाय पांढरा सदरा घालून टेकू नये.

वरून फक्त पाऊसच पडतो असंही नाही. वरच्या मजल्यावरच्याने झटकलेला टॉवेल, सांडलेला चहा, बाल्कन्या धुताना आलेलं पाणी, सगळं उघड्या बाल्कनीत उतरतं. इथं आपल्या मंडळींना स्पष्ट सांगावं लागतं. सकाळी कठड्यावरून सूर्याला अर्घ्य दिलं तर ते समुद्रात पोचण्याआधी खालच्या माणसाच्या डोक्यावर पोचतं. निर्माल्य, नारळ, पुडीचा कागद, काहीच जहाजावरून टाकता येत नाही. प्लास्टिक समुद्रात टाकायला तर आंतरराष्ट्रीय नियमांनीच पूर्ण बंदी आहे. उदबत्ती आणि निरांजनही चालत नाही, आगीच्या भीतीने जहाजवाले याबाबत अजिबात ऐकून घेत नाहीत. तंबाखू खाणाऱ्यांची अडचण तर जहाजावर चढण्याआधीच सुरू होते, कारण सिंगापुरात खायच्या तंबाखूवर बंदी आहे. पुडी घरी ठेवलेलीच बरी.

आडोशाचा मुद्दा घरातल्या बायका बरोबर पकडतात. सासूबाईंना सकाळी केस मोकळे सोडून जप करायचा असतो, सुनेला गाऊनवर चहा घ्यायचा असतो. छताच्या बाल्कनीत दोन बाजूंना पडद्या आणि वर छत असल्यामुळे समोरच्या समुद्राशिवाय बघणारं कुणी नसतं. पायरीच्या जहाजावरच्या उघड्या बाल्कनीत हे सुख नाही. कपडे वाळत घालणं मात्र दोन्हीकडे बंद. वाऱ्याने उडतात, आणि आगीच्या दृष्टीनेही ते धोक्याचं मानतात. ओली साडी न्हाणीघरातल्या ओढायच्या दोरीवरच वाळवायची.

छताच्या बाल्कनीचेही तोटे आहेत. एक म्हणजे आवाज. वर लगेच लिडो डेक, म्हणजे पोहण्याचा तलाव आणि जेवणाचा मोठा हॉल असेल, तर भल्या पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट खाली येतो. डेक प्लॅनमध्ये आपल्या केबिनच्या वर आणि खाली फक्त केबिनच आहेत ना, एवढं बघितलं की झालं. दुसरा तोटा आकाशाचा. दाराला खुर्ची टेकवून बसलं तर डोळे जमिनीपासून साधारण ४ फुटांवर येतात. छत साडेसात फुटांवर आणि त्याची कड डोळ्यांपासून ४ फूट पुढे धरली, तर क्षितिजापासून वर साधारण ४१ अंशांपर्यंतच दिसतं. त्यावरचं सगळं छताने खाल्लेलं. अरबी समुद्रात किंवा मलाक्काच्या सामुद्रधुनीत याने काही बिघडत नाही, कारण बघायचं ते सगळं क्षितिजाजवळच असतं.

थंड प्रदेशात चित्र बदलतं, पण सरसकट नाही. अलास्काला उघडीच घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. आम्हाला तो अर्धाच पटतो. ग्लेशियर बेमध्ये हिमनदीची कड पाण्यातून सुमारे अडीचशे फूट वर येते आणि जहाज तिच्यापासून बरंच लांब उभं राहतं. दहाव्या डेकवरून ती जवळपास समोरच दिसते, छत आड येत नाही. जहाज तिथं सावकाश फिरतं, त्यामुळे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना दर्शन मिळतं. उलट अलास्कातल्या केचिकान बंदरावर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या मराठवाड्याच्या सरासरीच्या चौपटीहून अधिक. रिमझिम चालू असताना उघड्या मिनी-स्वीटच्या बाल्कनीत कोण बसणार? तिथं अर्ध्या छताची बाल्कनी सगळ्यात कामाची. पाऊस असला तर खुर्ची मागे घ्यायची, उघडीप मिळाली की पुढे सरकवायची.

नॉर्वेच्या फियोर्डमध्ये मात्र उघडी बाल्कनी पैसे वसूल करते. गायरांगरसारख्या ठिकाणी डोंगर पाण्यातून सरळ हजार मीटरच्या पुढे चढतात आणि धबधबे माथ्यावरून सुटतात. छताखालून त्यांचा तळ तेवढा दिसतो, माथा बघायला कठड्याला रेलून मान वर करावी लागते. उत्तर ध्रुवप्रकाशासाठीही डोक्यावरचं आकाश लागतं. पण हिवाळ्यात त्या थंडीत बाल्कनीत ताटकळण्यापेक्षा प्रकाश दिसल्याचा जहाजावरून निरोप आला की वरच्या मोकळ्या डेकवर जावं. तिथून चारही दिशा दिसतात आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

बाजू कुठली घ्यायची, हा प्रश्न छताशी जोडूनच सोडवावा. जहाजाच्या तोंडाकडे बघून उभं राहिलं की डावी बाजू म्हणजे पोर्ट आणि उजवी म्हणजे स्टारबोर्ड. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला चालतं, म्हणून सूर्यास्त उजवीकडे आणि येताना डावीकडे. सिंगापूरहून पेनांगला जाताना तोंड वायव्येकडे असतं. जाताना दुपारचं ऊन डाव्या बाजूला येतं, परतीला उजव्या. छत असलं तरी दुपारनंतरचं कलतं ऊन आत शिरतंच. ज्या दिवशी जहाज पूर्ण दिवस समुद्रात असेल, त्या दिवसाची दिशा बघून सावलीची बाजू धरावी. सम-विषम केबिन नंबरांवरून बाजू ओळखता येते, पण कुठली बाजू सम हे कंपनीगणिक बदलतं. डेक प्लॅनवर बघूनच ठरवा.

बोट लागण्याचा त्रास असेल तर छताचा विचार दुसरा, जागेचा पहिला. जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या डेकवरची केबिन कमी हलते. मागच्या टोकाच्या बाल्कन्यांमधून जहाजामागची पांढरी वाट छान दिसते, पण तिथं इंजिनाची थरथर असते आणि कधीकधी धुराड्याची काजळीही खुर्चीवर येऊन बसते. अगदी पुढच्या टोकाच्या बाल्कनीत वारा इतका असतो की दार उघडायला जोर लावावा लागतो. शिवाय रात्री पडदे ओढून घ्यायला सांगतात, कारण केबिनच्या उजेडाने जहाज हाकणाऱ्यांना समोरचं दिसायला अडचण होते.

एवढा अभ्यास करून बुकिंग दोन ठिकाणी फसतं. पहिलं ठिकाण म्हणजे गॅरंटी केबिन. दर कमी असतो, पण त्यात फक्त प्रकार ठरतो, नंबर नाही. नंबर कंपनी नंतर देते आणि तो बदलून मागता येत नाही. छताबद्दल आग्रह असेल तर गॅरंटी घेऊच नये, थोडे जास्त भरून नंबर पक्का करावा. दुसरं ठिकाण म्हणजे फुकटचं अपग्रेड. अर्ध्या छताची कॅरिबची केबिन मुद्दाम निवडलेली असते आणि निघण्याआधी निरोप येतो की तुम्हाला वरच्या वर्गात, मिनी-स्वीटमध्ये घेतलं आहे. माणूस खूश होतो, आणि चढल्यावर कळतं की डोक्यावरचं छत गेलं. त्यासाठी बुकिंगवर 'अपग्रेड नको' अशी नोंद करून घेता येते. ती झाली का, हे पैसे भरण्याआधी लेखी बघावं.

एकत्र कुटुंबाचं बुकिंग असेल तर शेजारशेजारच्या केबिन घेऊन मधली पडदी उघडून मागता येते. आई-दादांची खोली आणि मुला-सुनेची खोली बाल्कनीतून एक होते, लेकरांना पळायला जागा मिळते. पडदीची किल्ली केबिन सांभाळणाऱ्या स्टुअर्डकडे असते, चढल्याबरोबर त्याला सांगायचं. मात्र सगळ्याच पडद्या उघडत नाहीत. काही ठिकाणी मधली भिंत पोलादी आणि कायमची असते. बुकिंगच्या वेळी दोन्ही नंबर सांगून हे विचारून घ्या.

लेकरं सोबत असली तर छत असो वा नसो, कठड्याजवळ खुर्ची ठेवायची नाही. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांना २०१० च्या तिथल्या कायद्याने कठडा किमान ४२ इंचांचा ठेवावा लागतो. मोठ्या माणसाला ही उंची पुरते, खुर्चीवर चढलेल्या पाच वर्षांच्या पोराला नाही. बऱ्याच केबिनमध्ये बाल्कनीच्या दाराला वरच्या बाजूला वेगळी कडी असते. रात्री ती लावून झोपायचं.

चढल्यावर सामान उघडण्याआधी बाल्कनीत जाऊन या. दार नीट सरकतं का, कडी बसते का, फरशीवर पाणी साचून राहिलं आहे का, खुर्च्या दोन आहेत का, हे बघून काही कमी असेल तर लगेच रिसेप्शनला फोन करा. पहिल्या दिवशी दुरुस्ती करणारा माणूस लवकर येतो. बाल्कनीचं दार उघडं असलं की केबिनचा एसी बऱ्याच जहाजांवर आपोआप थांबतो. तो बिघडला म्हणून तक्रार करण्याआधी दार बंद करून पाच मिनिटं थांबा. बाल्कनीचं आणि बाहेरच्या बोळाचं दार एकदम उघडू नका, वारा आरपार जातो आणि दार बोटांवर आपटतं. मोबाइल कठड्यावर टेकवून फोटो काढायचे नाहीत. आणि कॅमेरा एसीतून एकदम बाहेर नेला की भिंगावर वाफ धरते, तेव्हा तो पंधरा-वीस मिनिटं बाल्कनीतल्या टेबलावर सावलीत ठेवायचा आणि मगच डोळ्याला लावायचा.